वाचनाचे उष्टावण

बालरोगतज्ज्ञाकडे येणाऱ्या पालकांच्या काही तक्रारी वर्षानुवर्षे ठरलेल्या असतात. 'मूल जेवत नाही' ही त्यांतील सर्वांत जुनी. माझ्या व्यवसायाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत तिच्या जोडीला 'वजन वाढत नाही', 'दात उशिरा येत आहेत' अशा तक्रारी असत. अलीकडे तिच्या शेजारी आणखी एक तक्रार येऊन बसली आहे : "डॉक्टर, हा पुस्तकाला हातच लावत नाही हो!" आणि पाठोपाठ, थोड्या थट्टेने आणि थोड्या आशेने, "काही टॉनिक असेल तर लिहून द्या."

या दोन्ही तक्रारींचे मूळ बरेचसे सारखे आहे, असे माझे मत होत गेले आहे. न जेवणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना कोणताही आजार नसतो. त्यांची भूक मारली गेलेली असते. दोन जेवणांच्या मध्ये बिस्किटे दिलेली असतात, मोबाइल समोर धरून घास भरवलेला असतो, 'संपव, नाही तर…' असा धाक असतो, आणि शेजारच्या मुलाच्या वजनाशी तुलनाही चालू असते. अशा मुलाला ताट दिसताच रडू येते. न वाचणाऱ्या मुलाचा इतिहास विचारावा तर हेच सारे जसेच्या तसे ऐकू येते. फक्त ताटाच्या जागी पुस्तक असते. वाचन हे मुलाला पाजायचे औषध नव्हे, ते घरातले रोजचे अन्न आहे. त्याची सुरुवात वेळेवर, लहान घासाने आणि घरच्याच ताटातून व्हावी लागते, हे या लेखात मला मांडावयाचे आहे.

उष्टावणाच्या आधी

आपल्याकडे सहाव्या महिन्याच्या सुमारास उष्टावण करतात. मामा बाळाला मांडीवर घेतो, चांदीच्या वाटीतून खिरीचे बोट चाटवतो. वैद्यकशास्त्रानेही पूरक आहारासाठी सहा महिने पूर्ण होण्याचीच वेळ ठरविली आहे. वाचनाचे उष्टावण मात्र आपण पाच-सहा वर्षांनी, शाळेच्या बाकावर करतो. तेही परक्या भाषेतील मुळाक्षरांनी. मग पहिल्याच घासाला मुलाने तोंड फिरविले तर त्यात नवल काय?

माणसाला बोलू लागून युगे लोटली. लेखनकला मात्र पाचएक हजार वर्षांचीच आहे. त्यामुळे बोलण्यासाठी मेंदू जन्मतःच जसा सज्ज असतो, तसा वाचण्यासाठी नसतो. भाषेची आणि दृष्टीची जी केंद्रे आधीपासून आहेत, त्यांची नवी जोडणी करून प्रत्येक मुलाच्या मेंदूला वाचन शिकावे लागते. साहजिकच ज्या मुलाजवळ ऐकलेल्या शब्दांचा साठा मोठा, त्याला कागदावरचा शब्द लवकर ओळखीचा वाटतो. 'खारूताई' हा शब्द ज्याने शंभरदा ऐकला आहे, त्याला तो अक्षरांत भेटला की ओळख पटल्याचा आनंद होतो. ज्याने तो कधी ऐकलाच नाही, त्याला चार अक्षरे जुळवूनही हाती काही लागत नाही.

हा साठा जन्माआधीपासून जमू लागतो. गर्भाला शेवटच्या तिमाहीत ऐकू येत असते. अमेरिकेतील डीकॅस्पर आणि स्पेन्स या संशोधकांचा १९८६ चा एक प्रयोग आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. गर्भारपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत काही मातांनी एक ठरावीक गोष्ट रोज मोठ्याने वाचली. जन्मानंतर त्यांची बाळे तीच गोष्ट ऐकू यावी म्हणून चोखण्याची लय बदलत असल्याचे दिसून आले. बाळाला गोष्टीचा अर्थ कळत नव्हता. आवाजाची आणि लयीची ओळख मात्र पटत होती. आपल्या आज्या गर्भवतीला पोथी ऐकावयास बसवीत, त्यामागे शास्त्र होते की श्रद्धा, या वादात मला पडावयाचे नाही. त्या निमित्ताने घरात मोठ्याने वाचले जात होते, एवढे मात्र खरे.

घास केवढा असावा?

वयानुसार आहार बदलतो तसे पुस्तकही बदलावे लागते. पालकांना मी जे सांगते ते थोडक्यात येथे देते.

पहिल्या सहा महिन्यांत पुस्तक कोणते आहे याला महत्त्व नाही. नवजात बाळाला वीत-दीड वीत अंतरावरचेच नीट दिसते. म्हणजे अंगावर पिताना दिसणारा आईचा चेहरा. या काळात आईने वर्तमानपत्र मोठ्याने वाचले तरी चालेल. बाळाला आवाज हवा आहे.

सहा महिन्यांनंतर बाळ पुस्तक हातात धरते आणि सरळ तोंडात घालते. हे त्याचे वाचनच आहे. जाड पुठ्ठ्याची किंवा कापडाची पुस्तके याच वयासाठी असतात. पान चावले, फाटले तर रागावू नये. पुस्तक ही काचेच्या कपाटात ठेवण्याची वस्तू आहे, अशी समजूत करून दिलेले मूल पुढे पुस्तकापासून दूरच राहते.

वर्षाचे मूल बोट दाखवू लागते. "काऊ कुठे आहे?" असे विचारावे, त्याने बोट ठेवले की कौतुक करावे आणि पुढे जावे. दोन मिनिटांत ते उठून गेले तर जाऊ द्यावे. पोट भरले की मूल मान फिरविते. तो इशारा जसा मानावा तसाच हाही.

दोन-तीन वर्षांचे मूल एकच गोष्ट पंधरा दिवस रोज मागते. आई-बाबा कंटाळतात, नवे पुस्तक आणतात, आणि मूल पुन्हा जुनेच पुढे करते. ते योग्यच करीत असते. पुढे काय होणार हे ठाऊक असण्यातला आनंद या वयात फार मोठा असतो, आणि त्या पुनरावृत्तीतूनच शब्द पक्के होतात. एखाद्या दिवशी तुम्ही एक वाक्य गाळून पाहा. मूल ताबडतोब चूक दाखवील!

तीन ते पाच या वयात गोष्ट वाचता वाचता गप्पा माराव्यात. "आता हा कुठे जाईल?", "तुला असे झाले तर?" असे प्रश्न विचारावेत, त्यांचे ठरावीक उत्तर नसावे. १९८८ साली व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना अशा पद्धतीने वाचून दाखविण्यास शिकविले. एका महिन्यातच ती मुले, नेहमीच्या रीतीने वाचून दाखविलेल्या मुलांच्या तुलनेत, बोलण्याच्या चाचण्यांत पुढे गेलेली आढळली. त्यासाठी कोणतेही महागडे साहित्य लागले नव्हते.

मूल सहा-सात वर्षांचे होऊन अक्षरे जुळवू लागले की बहुतेक घरांत वाचून दाखविणे बंद होते. "आता तुला येते ना, तू वाच," असे म्हटले जाते. माझ्या मते हा सर्वांत हानिकारक क्षण आहे. या वयात मुलाला कानांनी जे समजते ते डोळ्यांनी वाचता येण्याजोग्या मजकुराच्या पुष्कळ पुढचे असते. त्याला 'फास्टर फेणे'च्या करामती समजतात आणि हव्याही असतात. पण स्वतः वाचताना तो 'कमल नमन कर' एवढ्यावरच अडखळतो. म्हणजे भूक जेवणाची आणि ताटात चुरमुरे, अशी त्याची अवस्था होते. आणखी तीन-चार वर्षे तरी रोज वाचून दाखवावे. मध्येच एखादा परिच्छेद त्याला वाचू द्यावा, थकला की पुस्तक आपण हाती घ्यावे.

नऊ-दहा वर्षांनंतर निवड मुलाची. त्याला क्रिकेटपटूंची चरित्रे हवीत, भुताच्या गोष्टी हव्यात की चित्रकथा, हे त्याने ठरवावे. 'हे काय भिकार वाचतोस?' हे वाक्य घरातून हद्दपार करावे. आपणही लहानपणी सारेच अभिजात वाचत नव्हतो, हे प्रामाणिकपणे आठवून पाहावे.

कोंबू नये, लालूच दाखवू नये

आहाराच्या बाबतीत आम्ही पालकांना एक विभागणी सांगतो. काय वाढायचे, केव्हा आणि कोठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे; किती खायचे हे मुलाने ठरवावे. वाचनालाही हीच विभागणी लागू करावी. घरात चांगली पुस्तके ठेवणे, ती मुलाच्या हाताला येतील इतक्या खाली ठेवणे, रोजची एक वेळ राखणे हे आपले काम. किती वाचायचे, कोणते अर्धवट सोडायचे, हा त्याचा अधिकार.

या अधिकारावर तीन प्रकारे गदा येते. पहिला प्रकार परीक्षेचा. गोष्ट संपली की लगेच "तात्पर्य सांग", "नवीन शब्द वहीत लिही" असे सुरू होते. प्रत्येक जेवणानंतर रक्तातील साखर तपासावयास नेले तर आपल्याला जेवण गोड लागेल काय?

दुसरा प्रकार लालूच. "पाच पुस्तके वाचलीस तर सायकल" हे ऐकावयास निरुपद्रवी वाटते. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांवर केलेला प्रयोग या संदर्भात महत्त्वाचा आहे. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या काही मुलांना, चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगून ते दिले गेले. काही दिवसांनी, बक्षिसाचा विषय नसताना, ही मुले इतरांपेक्षा कमी चित्रे काढू लागली. आवडीच्या गोष्टीला मोबदला ठरविला की ती गोष्ट मजुरी होते. वाचनस्पर्धांच्या हौशी आयोजकांनी (आमच्या मंडळातही ते आहेत) याचा विचार जरूर करावा.

तिसरा प्रकार शिक्षेचा. "मोबाइल ठेव आणि पुस्तक घे!" या एका वाक्यात मोबाइल बक्षीस ठरतो आणि पुस्तक शिक्षा. पडद्याची मर्यादा अवश्य पाळावी. भारतीय बालरोग अकादमीच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये, दूरच्या नातलगांशी होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा तेवढा अपवाद. आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाची कमाल मर्यादा. पण पडदा बंद करणे आणि पुस्तक उघडणे या दोन घटना एकमेकींना बांधू नयेत. पडदा बंद झाला की मुलाला थोडे कंटाळू द्यावे. कंटाळलेले मूल आपोआप काहीतरी शोधते. त्या वेळी जवळपास पुस्तक पडलेले असावे आणि कोचावर बसलेल्या बाबांच्या हातात फोन नसावा. मुलाला वाचावयास सांगून स्वतः मोबाइलवर बोट फिरविणाऱ्या पालकाच्या उपदेशाचा परिणाम काय होणार, हे निराळे सांगावयास नको.

ताट कोणत्या भाषेचे?

आता आपल्या समाजापुरता एक नाजूक प्रश्न. गायकवाडी चाकरीच्या निमित्ताने आपली अनेक घराणी वडोदऱ्यात आली आणि येथेच रुजली. आपली मुले रस्त्यावर गुजराती बोलतात, दूरचित्रवाणीवर हिंदी ऐकतात, शाळेत इंग्रजी शिकतात आणि घरात मराठी बोलतात. बोलण्यापर्यंत आपण भाषा टिकविली, याचा मला अभिमान आहे. परंतु आजोबांच्या कपाटातील मराठी पुस्तक उघडून वाचू शकणारी मुले दरवर्षी कमी होताना मी पाहते. येथील महाविद्यालयात पालीचे अध्यापन करीत ज्यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ मराठीला दिले, त्या चि. वि. जोशींच्या शहरात चिमणराव कोण हे मराठी घरातील मुलाला ठाऊक नसावे, ही गोष्ट मनाला लागते. आजोबांच्या मागे ती कपाटे रद्दीच्या तराजूत जातात, हेही आपण सर्वांनी पाहिले आहे.

पालकांच्या मनात यासंबंधी दोन शंका असतात. पहिली, दोन-तीन भाषांमुळे मुलाचे बोलणे लांबते. अनेक सुशिक्षित घरांनी या भीतीपोटी बाळाशी मराठीत बोलणे सोडून मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलणे सुरू केले आहे. या भीतीला आधार नाही. बहुभाषी घरातील मुलाचे शब्द मोजताना सर्व भाषांतील शब्द मिळून मोजावे लागतात. तसे मोजले की ते मागे नसते. बोलणे खरोखर लांबले असेल तर श्रवणचाचणी करावी, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे; मराठीला दोष देऊ नये.

दुसरी शंका, 'मराठी वाचून उपयोग काय? शाळा तर इंग्रजी.' येथे उपयोगाचे उत्तर उपयोगानेच देते. कोणत्याही भाषेत आपण वाचनाची दोन कौशल्ये मिळवितो : अक्षरांतून शब्द काढणे आणि शब्दांतून अर्थ काढणे. दुसरे कौशल्य एका भाषेत आले की ते पुढच्या भाषेतही कामी येते. गोष्टीत रमणे, पुढचा अंदाज बांधणे, पात्राच्या मनात शिरणे हे ज्या भाषेत मूल रडते आणि हसते त्याच भाषेत सर्वांत सहज शिकता येते. जिचे उच्चार आपल्याला स्वतःलाच परके आहेत, त्या भाषेत वाचून दाखविणाऱ्या आईच्या आवाजातील आर्जव, राग, लाडीगोडी हरवून जाते. तीच आई मराठीत कोल्ह्याचा आवाज काढते तेव्हा मूल हसून लोळते. इंग्रजी त्याला शाळा शिकवीलच.

शिवाय आपल्या मुलांच्या पदरात एक अलभ्य सोय आहे, जिच्याकडे आपले लक्षच गेलेले नाही. त्यांना शाळेत हिंदी असते; म्हणजे देवनागरी लिपी त्यांना येतेच. हिंदीच्या पुस्तकात न भेटणारा 'ळ' गुजरातीतून त्यांच्या ओळखीचा आहे. उरतो तो केवळ थोड्या सरावाचा प्रश्न. रोज दहा मिनिटे शेजारी बसून ओळीवर बोट फिरवीत वाचले, तर हिंदी वाचणारे मूल एका उन्हाळी सुटीत मराठी वाचू लागते, असा अनुभव मला माझ्याकडे येणाऱ्या अनेक कुटुंबांत आला आहे. असेच एक नऊ वर्षांचे मूल सुटीनंतर तपासणीसाठी आले होते. "काय वाचलेस?" असे विचारताच ते म्हणाले, "आजोबांना वाचून दाखवतो मी. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय ना." घरातील मोतीबिंदूने त्या मुलाला वाचक केले होते! त्याला कोणीही बक्षीस कबूल केले नव्हते. आपल्या वाचण्याची कुणाला तरी गरज आहे, एवढे त्याला पुरले होते.

पुस्तके मिळत नाहीत ही सबबही आता टिकत नाही. माधुरी पुरंदरे यांच्या चित्रपुस्तकांसारखी देखणी आणि मुलाच्या बोलीत बोलणारी पुस्तके मराठीत आहेत. 'बालभारती'चे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक महाजालावर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वरही मराठी गोष्टी विनामूल्य आहेत. त्या छापून, शिवून घरीच पुस्तके करता येतात.

जेव्हा मूल 'वाचत नाही' असे नसून 'वाचू शकत नाही' असे असते

येथे एक धोक्याची सूचना देणे वैद्य या नात्याने माझे कर्तव्य आहे. वर सांगितलेले सर्व करूनही एखादे मूल वाचन टाळत असेल, तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वी तपासावे. प्रथम डोळे, चष्म्याचा नंबर असल्याचे लहान मूल स्वतः सांगत नाही, कारण जग असेच अंधुक असते असे त्याला वाटते. नंतर कान. या दोन्ही गोष्टी ठीक असूनही बोलण्यात हुशार असलेले मूल दुसरी-तिसरीपर्यंत अक्षरे जुळवताना सारखे अडखळत असेल, ओळी गाळत असेल, अंदाजाने शब्द ठोकून देत असेल, वाचनाच्या तासालाच पोटदुखीची तक्रार करीत असेल, तर अध्ययन अक्षमतेची शक्यता लक्षात घ्यावी. तिचे निश्चित निदान साधारण सात-आठ वर्षांच्या वयानंतर होते. पण शंका आल्यास मदत त्याआधीही सुरू करता येते. २००७ मध्ये आलेल्या 'तारे जमीन पर' या चित्रपटामुळे हा विषय घराघरांत पोहोचला आणि २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेशही झाला. तरीही अशा मुलांना 'लक्ष देत नाहीस' म्हणून मार बसतो, हे आजही माझ्या कानावर येते. या मुलांना वाचून दाखविणे दुप्पट गरजेचे आहे. अक्षरांची वाट त्यांच्यासाठी खडतर आहे, म्हणून गोष्टींचे दारच त्यांना बंद व्हावे, असे नाही. ऐकलेले पुस्तक हेही पुस्तकच होय.

या शहराला हे नवे नाही

वाचनासाठी आपण लोकांपर्यंत गेले पाहिजे, हा विचार वडोदऱ्याला कोणी बाहेरून शिकवावा असे नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. परंतु शाळा सोडल्यावर वाचावयास काही नसेल तर शिकलेले अक्षर पुसले जाईल, हे त्यांनी ओळखले. अमेरिकेतील ग्रंथालये पाहून आल्यावर १९१० मध्ये त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास येथे आणले आणि राज्यभर मोफत ग्रंथालयांचे जाळे विणण्यास प्रारंभ केला. पुस्तके भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरत. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी निराळा विभाग होता, आणि 'सयाजी बालज्ञानमाले'तून मुलांसाठी पुस्तके निघत. मांडवीजवळच्या त्या ग्रंथालयावरून आपण रोज गाडी हाकतो. मुलाचा हात धरून आत किती वेळा गेलो?

याच गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातील शिक्षक चौथीच्या दंगेखोर वर्गाला वळण लावण्यासाठी छडी घेत नाही, गोष्ट सांगू लागतो. आधी गोष्टी, मग वर्गातले छोटे ग्रंथालय, असा त्याचा क्रम आहे. या कार्यात १९२३ पासून त्यांना सहकार्य करणाऱ्या ताराबाई मोडक या मराठी होत्या आणि पुढे हेच विचार त्यांनी महाराष्ट्रात नेले. म्हणजे या क्षेत्रात गुजराती आणि मराठी माणसाने खांद्याला खांदा लावून काम केल्याचा शंभर वर्षांचा वारसा आपल्याजवळ आहे.

आपण डॉक्टरांनी काय करावे?

बोस्टन येथील एका रुग्णालयात १९८९ मध्ये बालरोगतज्ज्ञांनी एक साधा उपक्रम सुरू केला. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या नियमित तपासणीच्या वेळी डॉक्टर मुलाच्या हाती एक पुस्तक देत आणि ते घरी कसे वाचून दाखवावे हे पालकांना सांगत. 'रीच आउट अँड रीड' या नावाने तो उपक्रम पुढे अमेरिकाभर पसरला. त्यात सहभागी झालेले पालक मुलांना अधिक वाचून दाखवितात आणि मुलांची भाषा सुधारते, असे अनेक अभ्यासांत दिसले. अमेरिकन बालरोग अकादमीने २०१४ मध्ये जन्मापासून वाचून दाखविण्याचा सल्ला हा बालरोगतज्ज्ञाच्या कामाचाच भाग मानला.

हे आपल्याला येथे जमणार नाही काय? लसीकरणासाठी मूल दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे असताना येते. नवव्या महिन्यात, दीड वर्षाच्या सुमारास आणि पाचव्या वर्षीही येते. त्या प्रत्येक भेटीत दोन मिनिटे वाचनाबद्दल बोलता येईल. वजन, उंची, डोक्याचा घेर यांची नोंद आपण करतोच. त्याखाली 'घरी वाचून दाखवितात काय?' हा एक प्रश्न वाढवावा. पालकांनी विकत घ्यावयाच्या एखाद्या महागड्या लशीच्या किमतीत चांगली दहा चित्रपुस्तके येतात.

माझी मंडळापुढे तीन नम्र सूचना आहेत. पहिली, सभासदांनी आपापल्या दवाखान्याच्या प्रतीक्षागृहातील दूरचित्रवाणी संच बंद करावा आणि त्याखाली मुलांच्या उंचीचे एक पुस्तकांचे फडताळ ठेवावे. त्यात मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशी सर्व भाषांतील पुस्तके असावीत. आपले रुग्ण सर्व भाषांचे आहेत. काही पुस्तके फाटतील, काही घरी जातील. घरी गेलेले पुस्तक वाया गेले असे मी मानीत नाही. दुसरी, आपल्या घरांतील जुन्या मराठी पुस्तकांची कपाटे रद्दीत जाण्याआधी मंडळाला कळवावे. त्यांतून मुलांना वाचता येण्याजोगी पुस्तके निवडण्याचे काम आपल्या निवृत्त सभासदांनी आनंदाने करावे. तिसरी सूचना मामांसाठी. पुढच्या उष्टावणाला चांदीच्या वाटीबरोबर पुठ्ठ्याचे एक मराठी पुस्तक न्यावे आणि खिरीचे बोट चाटवून झाले की त्यातील दोन पाने बाळाला वाचून दाखवावीत.

'वेळ नाही' ही अडचण मी जाणते. रात्री नऊ-साडेनऊला बाह्यरुग्ण विभाग आवरून घरी पोहोचणाऱ्या दांपत्यांत मीही मोडते. पण आपण कितीही थकलो तरी मुलाला उपाशी झोपू देत नाही. निजताना दहा मिनिटांची एक गोष्ट, त्याच निकडीने, त्या जेवणाच्या यादीत धरावी. ज्या दिवशी आपण नसू त्या दिवशी आजी आहे, आजोबा आहेत. परगावी असू तर फोनवरून आपला आवाज आहे.

प्रत्येक मूल मोठा वाचक होईलच असे नाही, आणि तसा आग्रहही नसावा. काही मुले मैदानात रमतील, काही तबल्यावर, काही यंत्रे उघडून बसतील. पण एखाद्या एकाकी संध्याकाळी, परीक्षेतील अपयशानंतर, परदेशातील वसतिगृहाच्या खोलीत किंवा आपण या जगात नसू तेव्हा, पुस्तक उघडून आपल्या भाषेतील माणसांत जाऊन बसण्याची वाट त्यांना ठाऊक असावी. ती वाट दाखविण्याची वर्षे फार थोडी असतात आणि ती आपल्या मांडीवरच निघून जातात.